सेफ्टी केसमधले आपोआप निघणारे फॉलो-अप प्रश्न: अटी नेमक्या कुठे चुकतात?

प्रश्न थोडक्यात असा: "औषधांच्या दुष्परिणामांच्या केसेस आम्ही नव्या सेफ्टी डेटाबेसवर हलवल्या. माहिती अपुरी असेल तर फॉलो-अपचे प्रश्न आपोआप निघावेत म्हणून ६० हून जास्त रूल लिहिले. आता एकेका डॉक्टरला १४-१४ प्रश्न जातात आणि उत्तर एकाचंही येत नाही. उलट काही गंभीर केसेसमध्ये प्रश्न हवाच होता, तिथे रूल चाललाच नाही. ऑडिटही जवळ आलंय. अटी कशा लावायच्या? आणि हे रूल सरळ डिलीट करून पुन्हा सुरुवात करू का?"

तुम्ही एकच तक्रार म्हणून लिहिलंय, पण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. प्रश्न फार जातात, ही काय विचारायचं हे न ठरवल्याची चूक. हवा तिथे प्रश्न निघत नाही, ही अट लिहिण्यातली चूक. पहिली मेडिकल रिव्ह्यूवाल्यांसोबत (केस वैद्यकीय नजरेने तपासणाऱ्यांसोबत) बसून सुटते, दुसरी कॉन्फिगरेशनच्या स्क्रीनवर. दोन्ही एकत्र सोडवायला गेलात तर प्रश्न कमी करण्याच्या नादात अजून चार गंभीर केसेस निसटतील.

मी सहा वर्षं केस प्रोसेसिंग केलं, त्यानंतरची दहा वर्षं पुण्यात बसून हेच रूल लिहिते आहे. त्यातले निम्मे माझेच जुने रूल दुरुस्त करण्यात गेलेत. पुढे लिहिलेलं सगळं जसंच्या तसं तुम्हाला लागू पडेल असं नाही. तुमचं सॉफ्टवेअर कोणतं, औषध कोणत्या देशांत विकलं जातं, भागीदार कंपनीशी करार काय, म्हणजे रिपोर्टरला (दुष्परिणाम कळवणाऱ्याला) फोन करायचा हक्क तुमचा की त्यांचा, यावर बरंच अवलंबून आहे. किती वेळा पाठपुरावा करायचा हेही तुमच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) असेल ते. विचार करायची पद्धत मात्र बदलत नाही.

तुमचे ६० रूल मी पाहिलेले नाहीत, तरी ते कसे लिहिले गेले याचा अंदाज आहे. कुणीतरी फील्डची एक्सेल शीट उघडली असेल आणि प्रत्येक ओळीसमोर "रिकामं असेल तर विचारा" असं लिहिलं असेल. मीही सुरुवातीला हेच केलं. पण रिकामा रकाना हा काही प्रश्न नव्हे. रुग्णाची उंची माहीत नसल्यामुळे कुणाचं काम अडलंय? बहुतेक वेळा कुणाचंच नाही. म्हणून रूल लिहिण्याआधी मी एकच विचारते: हे उत्तर आलं नाही तर नेमका कोणता निर्णय थांबतो? केस वैध आहे की नाही हे ठरत नाही? गंभीर की नाही हे ठरत नाही? कॉझॅलिटी, म्हणजे त्रास औषधामुळेच झाला का, हे लिहिता येत नाही? ज्या प्रश्नामागे असा निर्णय सापडत नाही, तो यादीतून जातो.

एक केस जवळून बघू. क्षयाच्या औषधांवर असलेल्या माणसाला कावीळ झाली. आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. डॉक्टरांनी कळवलं: "औषधं सुरू होती, कावीळ झाली, अॅडमिट केलं." मेडिकल रिव्ह्यू करणाऱ्याला इथे काय हवं? तिन्ही औषधं कधी सुरू झाली, कावीळ कधी दिसली, औषधं थांबवल्यावर काय झालं आणि पुन्हा एकेक सुरू केली तेव्हा काय झालं. यकृताच्या रक्ततपासण्या, म्हणजे एएलटी, एएसटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन किती, आणि त्या लॅबची नॉर्मल रेंज काय. एएलटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आणि बिलिरुबिन दुपटीपेक्षा जास्त, असं एकत्र दिसलं की 'हाय्ज लॉ'चा, म्हणजे औषधाने यकृताला गंभीर इजा होण्याच्या धोक्याचा, विचार सुरू होतो. "एएलटी २१०" एवढाच आकडा रेंजशिवाय आला तर तो हिशेब पक्का होत नाही. म्हणजे रूलने फक्त "एएलटी भरलंय का" हे बघून चालत नाही. आकडा, एकक, रेंज आणि तपासणीची तारीख, चारही बघावं लागतं. शिवाय हिपॅटायटीसच्या तपासण्या, दारू आणि इतर औषधं. या शेवटच्या प्रश्नात मी "काढा, चूर्ण, गावठी औषध काही चालू होतं का" असं सरळ लिहिते, कारण "इतर औषधं" म्हटलं की लोक फक्त गोळ्याच मोजतात.

हे सात-आठ प्रश्न झाले आणि इथे ते सगळे लागतात. आता दुसरी केस घ्या: एका गोळीने किरकोळ खाज, दोन दिवसांत बरी. तुमचा रूल दोन्हीकडे तेच १४ प्रश्न पाठवत असणार. खाजेच्या केसमध्ये मी दोनच्या वर जात नाही. आयसीएच या औषध-नियमांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००३ च्या ई-टू-डी मार्गदर्शनातला क्रमही असाच आहे: आधी गंभीर आणि अनपेक्षित (औषधाच्या माहितीपत्रकात नसलेली), मग गंभीर पण अपेक्षित, मग गंभीर नसलेली पण अनपेक्षित. युरोपच्या जीव्हीपी या औषध-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेच्या मॉड्यूल ६ मध्येही सांगितलंय की आधीच दिलेली माहिती पुन्हा मागू नका आणि लांबलचक प्रश्नावल्या पाठवू नका, नाहीतर माणूस पुढच्या वेळी कळवणारच नाही. ऑडिटरने "इतके कमी प्रश्न का" म्हणून विचारलं तर तुमचं उत्तर तिथे आहे. त्याच मॉड्यूलमध्ये जैविक औषधांबाबत (लस, इन्सुलिन यांसारखी) उलट आग्रह आहे: बॅच नंबर नसेल तर तो मिळवायला पाठपुरावा करा. म्हणजे औषध जैविक असेल तर बॅचचा प्रश्न किरकोळ केसमध्येही जातो. अशा एक-दोन गोष्टी गंभीरतेच्या अटीबाहेर ठेवाव्या लागतात.

आता दुसरी तक्रार. रूल चाललाच नाही, किंवा नको तिथे चालला, याची कारणं मी इतक्या वेळा पाहिली आहेत की पैज लावून सांगेन, तुमच्याकडे पुढच्यांपैकी निदान दोन सापडतील.

पहिलं कारण रिकाम्या किमतीचं. तुम्ही अट लिहिली असेल: "परिणाम 'बरा झाला' नाही, तर विचारा." दिसायला बरोबर. पण परिणामाचा रकाना रिकामाच असेल तर? अनेक डेटाबेसमध्ये रिकाम्या किमतीची तुलना ना खरी ठरते ना खोटी. उत्तर येतं 'माहीत नाही', आणि रूल गप्प बसतो. म्हणजे जिथे परिणाम अजिबातच माहीत नाही, नेमकी तीच केस सुटते. काही सॉफ्टवेअर याच्या उलट वागतात आणि रिकाम्याला 'वेगळं' धरतात. तुमचं कसं वागतं हे मॅन्युअलमध्ये शोधत बसू नका, टेस्टमध्ये एक केस रिकामी ठेवून बघा, पाच मिनिटांत कळतं. आणि काहीही निघालं तरी "रिकामं आहे, किंवा 'बरा झाला' नाही" असं दोन्ही स्पष्ट लिहा.

दुसरं कारण अटी वेगवेगळ्या ओळींवर जुळतात, हे. एका केसमध्ये दोन घटना आहेत: मळमळ, गंभीर नाही, आणि पडून मांडीचं हाड मोडलं, गंभीर. रूल म्हणतो: "गंभीर = हो आणि घटना = पोटाच्या तक्रारींपैकी." सॉफ्टवेअर पूर्ण केसवर शोधतं, त्याला कुठेतरी 'गंभीर' सापडतं, कुठेतरी 'मळमळ' सापडते, आणि तो पोटाच्या तक्रारींचा मोठा फॉर्म पाठवून मोकळा होतो. अट एकाच घटनेच्या ओळीवर तपासायची असते. बहुतेक प्रॉडक्टमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, पण डिफॉल्टला ती बंद असू शकते. औषधाचंही तसंच: "औषध = आमचं" एवढंच लिहिलं तर आमचं औषध फक्त कॉन्कॉमिटंट (सोबत चालू, पण संशय नसलेलं) असलेल्या केसेसमध्येही प्रश्न निघतात. भूमिका 'सस्पेक्ट' (संशयित) आहे ही अट त्याच औषधाच्या ओळीवर हवी. तुमचे १४ प्रश्न बहुधा इथूनच फुगलेत.

तिसरं, कंस. "अ आणि ब किंवा क" हे सॉफ्टवेअर "(अ आणि ब) किंवा क" असं वाचतं, आणि तुमच्या मनात "अ आणि (ब किंवा क)" असतं. यावर जास्त बोलायला नको. कंस घाला आणि वाक्य मोठ्याने वाचून बघा.

चौथं, शब्दांवर लावलेल्या अटी. रिपोर्टरने लिहिलेल्या मजकुरात "जाँडिस" शोधायचं, म्हणजे "डोळे पिवळे झाले" लिहिणारा सुटला. अट मेड्ड्राच्या (वैद्यकीय संज्ञांच्या प्रमाणित कोशाच्या) कोडवर हवी, आणि एकेक पीटी (त्या कोशातली मुख्य संज्ञा) टाकण्यापेक्षा जमलं तर एसएमक्यूवर (एका विषयाच्या संज्ञांच्या तयार गटावर). इथे एक खड्डा आहे. मेड्ड्राची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मार्च आणि सप्टेंबरमध्ये. कधी एखादी पीटी खालच्या पातळीवर, एलएलटीत जाते. तुमच्या रूलमध्ये ती जुनी पीटी लिहिलेली असेल तर रूल त्या दिवसापासून मुका होतो, कुठेही एरर येत नाही. मी पूर्वी हे सहा महिन्यांनी शोधून काढायचे. आता आवृत्ती बदलली की रूलमधल्या सगळ्या कोडची यादी काढून नव्या आवृत्तीशी ताडून बघते. अर्ध्या दिवसाचं काम.

पाचवं कारण तुमच्या पहिल्या तक्रारीलाही हात घालतं. ई-टू-बी आर-थ्री, म्हणजे केसेस इलेक्ट्रॉनिक पाठवायच्या फॉर्मॅटमध्ये, रिकाम्या रकान्याला कारण देता येतं. 'एएसकेयू' म्हणजे विचारलं, पण समोरच्यालाही माहीत नाही. 'एनएएसके' म्हणजे विचारलंच नाही. 'एमएसके' म्हणजे माहिती आहे पण गोपनीयतेमुळे झाकली आहे. 'यूएनके' म्हणजे नुसतं अज्ञात. तुमचा रूल या चौघांना एकच "माहिती नाही" समजत असेल, तर एकदा "मला ठाऊक नाही" म्हणालेल्या डॉक्टरला तो दर महिन्याला तेच विचारत राहणार. माझ्याकडे 'एनएएसके' आणि पूर्ण रिकामं असेल तरच प्रश्न निघतो, 'एएसकेयू' आणि 'एमएसके' असेल तर कधीच नाही. 'यूएनके'बाबत मी डेटा एंट्रीवाल्यांशी भांडते, कारण घाईत सगळीकडे तेच टाकलं जातं.

रूल कधी चालावा हाही मुद्दा आहे. तुमच्याकडे तो दर सेव्हला चालत असणार. म्हणजे डेटा एंट्री करणारा चहा प्यायला उठताना अर्धी केस सेव्ह करतो आणि तेवढ्यात नऊ प्रश्न तयार होतात, ज्यांतल्या सहांची उत्तरं सोर्स डॉक्युमेंटच्या पुढच्या पानावर असतात. मी दोनच ठिकाणं ठेवली आहेत. एक ट्रायेजनंतर (केस आल्यावरच्या पहिल्या छाननीनंतर), तिथे फक्त चार किमान गोष्टी तपासायच्या: ओळखता येईल असा रिपोर्टर, ओळखता येईल असा रुग्ण, संशयित औषध, दुष्परिणाम. यातलं एखादं नसेल तर पत्राची वाट न बघता त्याच दिवशी फोन. दुसरं ठिकाण मेडिकल रिव्ह्यूनंतर. बाकी सगळं तिथे. रिव्ह्यू करणारी व्यक्ती यादी बघून नको ते प्रश्न काढून टाकू शकते, आणि तिने काढलेले प्रश्न मी दर महिन्याला बघते. एखादा सारखा काढला जात असेल तर रूलच चुकीचा आहे.

आणि उत्तराची वाट बघत सबमिशन (केस नियामकाकडे पाठवणं) थांबवू नका. हे तुम्हाला माहीत असणारच, पण रूलच्या वर्कफ्लोमध्ये "प्रश्न उघडा असेल तर पुढे जाऊ नये" अशी अट नकळत लागते. गंभीर केसला १५ दिवस असतात, क्लिनिकल ट्रायलमधल्या मृत्यूच्या किंवा जिवावर बेतलेल्या अनपेक्षित घटनेला ७. ते डे झिरोपासून (केसची किमान माहिती कंपनीला मिळाली त्या दिवसापासून) मोजले जातात, डॉक्टरांच्या सवडीपासून नाही. असेल तेवढ्या माहितीवर केस जाते. उत्तरात महत्त्वाचं काही आलं तर त्या दिवसापासून नवी मुदत धरून फॉलो-अप जातो.

आता थांबवणाऱ्या अटी. प्रश्न कधी निघावा हे लिहायला सगळ्यांना आवडतं. कधी निघू नये हे लिहायला कुणी बसत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक साधा रूल लिहिला होता: परिणाम 'बरा झाला नाही' असेल तर ३० दिवसांनी रिपोर्टरला विचारायचं, आता तब्येत कशी आहे. एका गृहस्थांनी पत्नीच्या त्रासाबद्दल कळवलं होतं. मधल्या काळात त्या गेल्या. त्यांनी फोन करून तेही कळवलं, पण दुसऱ्या कुणीतरी ते नवी केस म्हणून नोंदवलं. पुढे दोन्ही केसेस डुप्लिकेट म्हणून जोडल्या गेल्या, मृत्यूची नोंद मुख्य केसमध्ये आली, पण बाद झालेल्या केसवरचा टायमर चालूच राहिला. त्यांच्या घरी पत्र गेलं: "आपल्या पत्नीची तब्येत आता कशी आहे?" त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी तुमच्याकडे सांगितलं होतं हो."

त्यानंतर माझ्याकडे कोणताही प्रश्न बाहेर पडण्याच्या क्षणी पुन्हा तपासला जातो, फक्त तयार होताना नाही. रुग्ण हयात आहे का, केस बाद झाली आहे का, डुप्लिकेट जोडणीत आहे का, तोच प्रश्न आधीच उघडा आहे का, रिपोर्टरने "पुन्हा संपर्क करू नका" म्हटलंय का. शेवटचा रकाना तुमच्याकडे नसेल तर आधी तो बनवा. संमतीचा विषय आता युरोपातही आणि आपल्याकडेही कायद्याचा आहे. केस कुठून आली हेही बघा. युडराव्हिजिलन्समधून (युरोपच्या दुष्परिणामांच्या डेटाबेसमधून) उतरवलेल्या केसवर नेहमीच्या धाटणीने पाठपुरावा करणं अपेक्षित नाही. खरंच गरज असेल तर कारण देऊन त्या त्या नियामकाकडे विनंती करायची. तुमच्या ६० रूलमध्ये ही अट आहे का, हे आजच बघा, कारण ऑडिटमध्ये हेच आधी निघेल.

टायमरबद्दल एकच उदाहरण देते, कारण तिथे सगळे चुकतात. गर्भारपणात औषध घेतल्याची केस आली की बहुतेक रूल "मिळाल्यापासून ३० दिवसांनी विचारा" असे असतात. आठव्या आठवड्यात कळवलेल्या बाईला बाराव्या आठवड्यात "बाळ कसं आहे" विचारून काय मिळणार? मुदत बाळंतपणाच्या संभाव्य तारखेपासून मोजायची. ती दिलेली नसेल तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवायचे. दोन्ही नसेल तर पहिला प्रश्न तोच. आणि गर्भपाताची नोंद आली की पुढचे सगळे टायमर बंद. गर्भारपणाचा रूल रुग्ण पुरुष असला की चालत नाही, कारण अटीत "लिंग = स्त्री" असतं; पण वडिलांनी औषध घेतल्याच्याही केसेस असतात. अट लिंगावर न लावता 'गर्भारपणाशी संबंधित केस' या खुणेवर लावा.

प्रश्नांच्या भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण उत्तरं न येण्याचं निम्मं कारण तिथे असतं. डॉक्टरला पाठवलेलाच मजकूर रुग्णाला जातो का? "डीचॅलेंज पॉझिटिव्ह होता का?" हे रुग्णाला विचारून उपयोग नाही. "गोळी बंद केल्यावर अंगावरची पुरळ कमी झाली का? किती दिवसांत?" असं विचारलं की पोस्टकार्डावरही उत्तर येतं. भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. त्यातले शब्द उचला, नवे घडवू नका. रूलमध्ये रिपोर्टरच्या प्रकाराची अट लावून दोन टेम्पलेट ठेवायचे, आणि माहीत असलेली माहिती त्यात आधीच भरून पाठवायची. "तुम्ही ४ तारखेला त्रास सुरू झाल्याचं कळवलंत" असं वर असलं की वाचणाऱ्याला निदान आपलं पत्र कुणीतरी वाचलंय एवढं कळतं.

तपासणी कशी करायची? बनवलेल्या दहा केसेसवर यूएटी (वापरणाऱ्यांनी करायची चाचणी) पास करून खूश होऊ नका. मागच्या वर्षीच्या बंद झालेल्या दोनेकशे केसेस टेस्टमध्ये घ्या, रूल चालवा, पण पत्रं बाहेर जाऊ देऊ नका. त्याच केसेस दोन मेडिकल रिव्ह्यूवाल्यांना द्या आणि विचारा: तुम्ही इथे काय विचारलं असतं? मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. रूलने विचारलेले आणि माणसाने न विचारलेले प्रश्न एका बाजूला; माणसाने विचारलेले आणि रूलला न सुचलेले दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू आधी सोडवा. त्याखेरीज हाताने बनवलेल्या काही कोपऱ्यातल्या केसेस हव्याच: परिणाम रिकामा, दोन घटना, दोन सस्पेक्ट, एएसकेयू, मृत रुग्ण, जोडलेली डुप्लिकेट, वडिलांनी घेतलेलं औषध.

शेवटचा प्रश्न, डिलीट करू का. नको. निष्क्रिय करा, त्यावर तारीख आणि कारण लिहा, आणि बदलाची नोंद चेंज कंट्रोलमधून न्या. एखाद्या महिन्यात एखाद्या डॉक्टरला १४ प्रश्न का गेले हे ऑडिटर विचारू शकतो, आणि तेव्हा तो रूल त्या दिवशी कसा होता हे दाखवता आलं पाहिजे. सगळे ६० एकदम बंद करू नका. गंभीर केसेसमध्ये न चालणारे आधी दुरुस्त करा, ऑडिटच्या आधी तेवढंच शक्य आहे. प्रश्न कमी करण्याचं काम त्यानंतर, एकेका औषधाच्या मेडिकल रिव्ह्यूवाल्याला शेजारी बसवून. यकृतापासून सुरुवात केलीत तर वरची यादी घ्या, तुमच्या औषधाप्रमाणे बदला, आणि अडलं तर केसचे नंबर झाकून अट इथे टाका, बघते.